'मला दूध आवडतं' : कर्ता मी का दूध?

खडूफळा, नांदेड
भरतीच्या क्लासात व्याकरण शिकवतो. धातूला 'णारा' लावायचा, 'कोण' विचारायचं, आलेलं उत्तर म्हणजे कर्ता, पोरांना तोंडपाठ. आवडणारं काय? दूध. झाला कर्ता. उत्तरतालिकाही हेच सांगते. काल एक पोरगी उठली. "सर, 'पत्र वाचून आईला रडू आलं'. येणारं रडू, म्हणजे कर्ता रडू. मग पत्र रडूनं वाचलं का?" वर्ग हसला, मी अडकलो. आता माझं मत असं, 'ला' लागला तरी कर्ता आईच.

सूत्रधार
सर, एका पोरीपायी नियम मोडता? पाणिनीचं सूत्रच आहे, 'रुच्यर्थानां प्रीयमाणः'. ज्याला आवडतं ते संप्रदान, म्हणजे चतुर्थीचा 'ला' घेणारं, कर्ता नव्हे. देवदत्ताला मोदक आवडतो, तर कर्ता मोदक. शिवाय आंबा आवडतो, कैरी आवडते. 'मला' ढिम्म हलत नाही. क्रियापद ज्याच्या मागं फिरतं तो कर्ता.

देगलूरकर
मग 'म्या भाकर खाल्ली' यात क्रियापद भाकरीमागं फिरतंय. भाकर कर्ता का हो? आमच्या बाजारात तेलुगू कानावर पडतंच. 'नेनु रोट्टे तिन्नानु', मी भाकर खाल्ली. शेवटचा 'नु' खाणाऱ्याचा, भाकरीचा नाही. ती खाल्ली, तर 'आमे तिन्नदि'. पण भूक लागली की तेही आपल्यासारखंच: 'नाकु आकलि वेस्तोंदि'. नाकु म्हणजे मला, क्रियापद भुकेचं. कन्नडातही 'ननगे हसिवागिदे'. खाताना मराठीचं आर्य नि तेलुगू-कन्नडाचं द्राविड, दोन भाषाकुळं वेगळी, भुकेला एक! हे नुसतं संस्कृतावर कसं भागवणार?

सूत्रधार
'खाल्ली' हा कर्मणी प्रयोग, तिथं माझी कसोटी चालत नाही, कबूल. पण सरांचीही बघा. 'पत्र वाचून आईचे डोळे भरून आले.' वाचणारी आईच ना? आता 'आईचे'लाही कर्ता करणार?

खडूफळा, नांदेड
हे वाक्य टोचलं. नुसत्या 'वाचून'वर विसंबता येत नाही, खरंय. पण 'रमाला आपली सासू आवडते' घ्या. 'आपली' सहसा कर्त्याकडं बोट दाखवतं. सासू कर्ता असती तर सासूला स्वतःचीच सासू आवडली असती! क्रियापद सासूकडं, 'आपली' रमाकडं. कर्तेपणाची वाटणी झालीय, आणि आपण सातबारा एकाच्याच नावावर मागतोय.

पहिल्या बाकावरची
सर, ते वाटणीचं ठीक. बुधवारच्या पेपरात काय लिहू?

खडूफळा, नांदेड
दूध.