गॉल्जीतून प्रथिनांची 'वाहतूक' होते का?

विचारणा

पेशीविज्ञानाच्या एका प्रकरणाचा मराठी मसुदा करते आहे आणि एकाच वाक्यापाशी तीन दिवस अडले आहे. प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात) तयार होतं, गॉल्जी संकुलात, म्हणजे चपट्या पिशव्यांच्या चळतीत, एका बाजूने शिरतं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. या मधल्या घडामोडीला काय म्हणावं? 'वहन' लिहिलं की उष्णतेचं, विजेचं वहन डोळ्यांपुढे येतं. 'परिवहन' सरकारी वाटतं. 'वाहतूक' सोपा, रोजचा शब्द आहे, म्हणून तोच ठेवावा असं मन म्हणतं.

शिवाय माल नेणाऱ्या पडद्याच्या बारीक गोलकांसाठी (इंग्रजीत व्हेसिकल) पिटिका, पुटिका, पेटिका असे तीन शब्द सापडले. त्यांतला बरोबर कुठला? आणि गॉल्गी की गॉल्जी?

उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेतो. कामिल्लो गॉल्जी इटालियन होते आणि इटालियनमध्ये त्या आडनावाचा शेवट 'जी' असाच होतो. शालेय पुस्तकांमुळे 'गॉल्गी' रुळलं आहे, त्यामुळे ते वाचून कोणी गोंधळणार नाही. पण नव्याने लिहिताय तर माणसाचं नाव त्याच्या उच्चाराने लिहावं. 1898 मध्ये त्यांनी घुबडाच्या चेतापेशींवर चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली, तेव्हा पेशीच्या आत एक काळी जाळी दिसली. ही खरी रचना नसून रंगद्रव्याने उमटलेला डाग आहे, असं म्हणणारे पुढची पन्नासेक वर्षं होते. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या पिशव्यांची चळत स्पष्ट दिसली आणि वाद मिटला.

आता त्या तीन शब्दांचं. 'पेटिका' सोडूनच द्या. पेटी कडक असते, तिला झाकण असतं, माल काढला तरी पेटी उरते. इथे तसं काहीच नाही. एका पिशवीच्या पडद्याला फुगवटा येतो, तो गळ्याशी आवळला जाऊन सुटा होतो, आणि दुसऱ्या पडद्याला भिडला की त्यात मिसळून जातो. 'पुटिका' चालेल. पुट म्हणजे पोकळी किंवा पानाचा द्रोण. संपुटातलं पुट तेच. पण माझं मत 'पिटिके'ला. संस्कृतात 'पिटक' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक टोपली, त्रिपिटकातली. दुसरा फोड, पुटकुळी. पडद्यावर पुटकुळीसारखी उठते आणि टोपलीसारखा माल नेते, अशा वस्तूला याहून नेमका शब्द मिळणं कठीण. 'व्हेसिकल'च्या लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थही छोटी पिशवी किंवा फोड असाच आहे.

दुसरं उत्तर

पिटिकेला माझा पाठिंबा. 'वाहतुकी'बद्दल मात्र थांबा, कारण तो शब्द घेताना तुम्ही नकळत एका सिद्धान्ताची बाजू घेताय.

वाहतूक म्हटली की वाहन वेगळं, माल वेगळा, आणि ज्या ठिकाणांमधून जायचं ती ठिकाणं जागच्या जागी. बराच काळ गॉल्जीचं चित्रही असंच होतं: कुंडं (त्या चपट्या पिशव्या) स्थिर, प्रत्येकात आपापली विकरं (रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं), आणि प्रथिनं पिटिकांत बसून एका कुंडातून पुढच्या कुंडात. पिटिकांचा अभ्यास इतका भक्कम होता की त्यांच्या यंत्रणेवरच्या कामासाठी 2013 चं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना मिळालं. पिटिका खऱ्या आहेत, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की गॉल्जीच्या आत पुढे जाणारा सगळा माल त्यांच्यातूनच जातो का?

प्रोकोलॅजेन घ्या, म्हणजे कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं आधीचं रूप. त्याचा ताठ दांडा सुमारे 300 नॅनोमीटर लांब. गॉल्जीतल्या नेहमीच्या पिटिका जेमतेम 50 ते 100 नॅनोमीटरच्या. दांडा पिटिकेत मावतच नाही. 1998 मध्ये दाखवलं गेलं की प्रोकोलॅजेन कुंडाबाहेर न पडताच गॉल्जी पार करतं. काही शैवालांत तर अंगावरचे खवले कुंडातच तयार होताना दिसतात, तेही पिटिकेपेक्षा मोठे. मग ते पुढे जातात कसे? कुंडच पुढे सरकतं.

याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा 2006 मध्ये आला, यीस्टमध्ये. यीस्टची निवड फार विचारपूर्वक केलेली. त्यात गॉल्जीची कुंडं चळतीत नसून सुटी विखुरलेली असतात, म्हणून एकाच कुंडावर नजर ठेवता येते. सुरुवातीच्या कुंडांत असणाऱ्या प्रथिनाला हिरवा झळाळ जोडला, शेवटच्या कुंडांतल्या प्रथिनाला लाल. मग एक हिरवा ठिपका बघत राहिले. काही मिनिटांत हिरवा ओसरला आणि त्याच ठिपक्यात लाल चढला. दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे हेच पाहिलं. कुंड तेच, त्यातली विकरं बदलली. सुरुवातीची विकरं पिटिकांतून मागे परत जातात, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे माल जागेवर आणि कारागीर ये-जा करतात!

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवीन. जालिकेपासून गॉल्जीपर्यंत आणि गॉल्जीपासून पुढे पेशीपटलापर्यंत किंवा लयकारिकांपर्यंत (पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या पिशव्यांपर्यंत) 'वाहतूक'. गॉल्जीच्या आत 'मार्गक्रमण'. सगळीच प्रथिनं एकाच रीतीने जातात असंही नाही, आणि अभ्यासकांत अजून एकमत नाही. अशा वेळी शब्द दोन्ही शक्यतांना जागा देणारा हवा.

हरकत

तुमची माहिती पटली, शब्द पटला नाही. मार्गक्रमण करणारा आपल्या पायांनी चालतो. त्यात हेतू असतो. तुम्हीच सांगताय की प्रथिन जागेवर आहे. मग मार्ग कोण क्रमतंय? 'संक्रमण' अर्थाने जवळचा, पण आजचा विद्यार्थी तो संसर्ग या अर्थी वाचेल. मला साधं क्रियापद बरं वाटतं: प्रथिन गॉल्जीतून *पुढे सरकतं*. रांग सरकते तेव्हा माणूस चालला की जमीन, हे 'सरकणे' सांगत नाही. तुम्हाला हवी ती मोकळीक यात आहे. प्रत्येक गोष्टीला नामच लागतं हा आग्रह आपण परिभाषेत उगाच धरतो.

आणखी एक. दोन बाजूंसाठी 'निर्मितीक्षम बाजू' आणि 'परिपक्व बाजू' असे शब्द शिकवले जातात. मूळ नावं आहेत सिस आणि ट्रान्स. लॅटिनमध्ये सिस म्हणजे अलीकडे, ट्रान्स म्हणजे पलीकडे. मराठीत ही जोडी जशीच्या तशी आहे: नदीच्या अलीकडे, नदीच्या पलीकडे. जालिकेत उभं राहून पाहायचं. जवळची ती अलीकडची बाजू, दूरची ती पलीकडची. मूल एकदा ऐकेल आणि विसरणार नाही. 'निर्मितीक्षम' म्हटल्यावर प्रथिनं तिथे निर्माण होतात असा गैरसमज मात्र हमखास होतो.

दुसऱ्या उत्तराची जोड

हरकत मान्य. 'सरकणे' माझ्या मार्गक्रमणापेक्षा चांगलं.

अलीकडे-पलीकडे तर शर्करांच्या कामालाही चपखल बसतं. जालिकेत अनेक प्रथिनांना 14 शर्करांची एक फांदी जोडली जाते. तिची छाटणी जालिकेतच सुरू होते. अलीकडच्या आणि मधल्या कुंडांत मॅनोज या शर्करेचे आणखी तुकडे छाटले जातात, मधल्या कुंडांत नव्या शर्करा बसतात, पलीकडे गॅलॅक्टोज आणि सियालिक आम्ल. फांदीचा आकार पाहून प्रथिन कुठवर पोचलं ते ओळखता येतं. म्हणून 'शर्करा-प्रक्रिया' या कोरड्या शब्दाऐवजी 'छाटणी आणि जोडणी' लिहा.

पलीकडच्या टोकाला जे होतं त्याला 'बटवडा' म्हणावं असं सुचवतो. लयकारिकेत जाणाऱ्या विकरांवर मॅनोज-6-फॉस्फेट ही खूण असते. काही बालकांत ती खूण लावणारं विकरच जन्मतः सदोष असतं. तेव्हा ही विकरं तयार होतात, पण लयकारिकेत न पोचता पेशीबाहेर टाकली जातात, आणि पेशीत न पचलेला साठा वाढत जातो. माल चांगला, बटवडा चुकलेला. 'वितरण' या शब्दात पत्ता असतोच असं नाही, बटवड्यात असतो.

विचारणाऱ्याकडून

तुम्हा सर्वांची आभारी आहे. वाक्य आता असं केलं आहे: 'जालिकेतून पिटिकांनी वाहून आणलेली प्रथिने गॉल्जी संकुलाच्या अलीकडच्या बाजूस पोचतात, कुंडांतून छाटणी-जोडणी होत पुढे सरकतात आणि पलीकडच्या बाजूस त्यांचा बटवडा होतो.' 'कुंड' शब्दाबद्दल मात्र आता शंका येते. कुंड म्हटलं की दगडी, बांधलेलं, न हलणारं. सरकणाऱ्या, बदलणाऱ्या पिशवीला तोच ठेवायचा का?