स्मार्ट टीव्हीतलं एसीआर अपडेटनंतर पुन्हा चालू होतंय, मदत हवी आहे

मंडळी, टीव्हीपुढे हात टेकलेत, म्हणून हा धागा.

आमच्या टीव्हीत एसीआर (ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन) नावाची भानगड आहे हे मला गेल्या महिन्यात कळलं. पडद्यावर जे दिसतंय त्याचे ठसे टीव्ही घेत राहतो, कंपनीच्या साठ्याशी ते ताडून पाहिले जातात आणि घरात काय, किती वेळ पाहिलं याची नोंद होते. एचडीएमआयला लॅपटॉप जोडला तरी सुटका नाही. मेनूत 'एसीआर' असं सरळ लिहिलेलं नसतंच. कुठे 'लाइव्ह प्लस', कुठे 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस'. आमच्याकडे ते अटी-शर्तींच्या चौथ्या पानावर सापडलं. टिक काढली, जाहिरात आयडी (जाहिरातींसाठीचा टीव्हीचा ओळख क्रमांक) रीसेट केला, खूश झालो.

दोन आठवड्यांनी अपडेट आलं. बाबांनी रिमोटवर ओके-ओके दाबून ते उरकलं. त्यांचा दोष नाही, 'सगळं मान्य' हे बटण आधीच निळं होऊन बसलेलं असतं. 'नाही' शोधायला तीन वेळा खाली जावं लागतं. नंतर सहज मेनू उघडला, तर टिक परत जागेवर!

(२०१७ मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला असाच डेटा न विचारता गोळा केल्याबद्दल २२ लाख डॉलर भरावे लागले होते. आमच्या टीव्हीने विचारलं तरी, एवढंच समाधान.)

टीव्हीचं नेट काढून पाहिलं. दोन दिवस टिकलं, कारण आईबाबांच्या सगळ्या मालिका अ‍ॅपवर. बाहेरची स्ट्रीमिंग स्टिक लावा असं एकाने सुचवलं, पण तीही काय पाहिलं ते टिपतेच, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेवटी कपाटातल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर पाय-होल बसवलं. घरातली उपकरणं साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारतात (हेच डीएनएस), त्या चौकशा ते गाळतं. लॉग बघून झोप उडाली: टीव्ही स्टँडबायवर, रात्रीचे २.४०, आणि दर काही मिनिटांनी कुठल्या तरी सर्व्हरची चौकशी चालूच. ते डोमेन ब्लॉक केले. दोन दिवसांनी राउटरच्या यादीत दिसलं की टीव्ही आता पाय-होलला टाळून थेट गूगलच्या डीएनएसला, म्हणजे ८.८.८.८ लाच विचारतोय.

इथे गाडी अडली आहे. नेटवाल्यांनी दिलेल्या राउटरमध्ये पोर्ट ५३ (डीएनएसच्या चौकशा यावरून जातात) वळवायची सोयच नाही. तो ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे तो नुसता मोडेम उरेल) मागे स्वतःचा राउटर लावला, तर टीव्हीचा डीएनएस जबरदस्तीने पाय-होलकडे वळवता येईल ना? कुणी केलंय का? आणि टीव्ही उद्या डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (कूटबद्ध डीएनएस) वापरायला लागला, तर त्या चौकशा नेहमीच्या वेबसाइटांच्याच ४४३ पोर्टवरून जाणार, मग त्या ओळखायच्या कशा?

दुसरं, अपडेटचा सर्व्हरच ब्लॉक करावा असं डोक्यात येतंय, म्हणजे टिक परत येणार नाही. पण मग सुरक्षेचे पॅचही येणार नाहीत. तुम्ही लोक काय करता?

ता. क. कृपया 'कॅमेऱ्यावर टेप लावा' असं सुचवू नका. या टीव्हीला कॅमेराच नाही.