‘सर्वश्रेष्ठ’, ‘वरचढ’, ‘सरस’, ‘सवाई’ : वेगवेगळ्या काळांतील बास्केटबॉलपटूंची तुलना कोणत्या शब्दाने करावी?

प्रश्न :

आमच्या बास्केटबॉल संघाच्या भित्तिपत्रकासाठी मी एक टिपण लिहीत आहे. त्यात बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन जेम्स यांची तुलना आहे. मसुद्यात मी असे लिहिले होते : ‘जॉर्डन हा लेब्रॉनपेक्षा वरचढ असून तोच सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू आहे.’ एका ज्येष्ठ शिक्षकांनी ‘वरचढ’ आणि ‘सर्वकालीन’ या दोन शब्दांखाली रेघ मारली, कारण मात्र सांगितले नाही. या शब्दांत काय चुकले आहे? आणि हल्ली मुले ज्याला ‘गोट’ म्हणतात, त्यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद :

आपल्या शिक्षकांनी रेघा योग्य ठिकाणी मारल्या आहेत. मराठीत तुलनेचे शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांतला प्रत्येक शब्द आपली एक अट घेऊन येतो आणि ती अट पुरी होत नसेल तर वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही अर्थाने लंगडे पडते.

‘वरचढ’ या शब्दाची अट अशी, की दोघे एकमेकांसमोर यायला हवेत. एक मल्ल दुसऱ्यावर वरचढ ठरतो, वादात एक पक्ष दुसऱ्यावर वरचढ होतो. चढायला समोर कोणीतरी असावे लागते. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत जॉर्डनचा अखेरचा सामना 16 एप्रिल 2003 रोजी झाला आणि लेब्रॉनचा पहिला सामना त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला. अवघ्या साडेसहा महिन्यांनी दोघांची गाठ चुकली. जे त्या स्पर्धेत एकमेकांविरुद्ध कधी उतरलेच नाहीत, त्यांच्यात वरचढ कोण, हा प्रश्नच या शब्दाला झेपत नाही.

याउलट रसेल आणि चेंबरलेन यांच्याबद्दल हा शब्द अगदी चपखल बसतो. 24 नोव्हेंबर 1960 रोजी चेंबरलेनने रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध एकाच सामन्यात 55 रिबाउंड मिळवले, म्हणजे फेक हुकल्यावर परत आलेला चेंडू 55 वेळा ताब्यात घेतला. हा उच्चांक आजही अबाधित आहे, तरीही तो सामना सेल्टिक्सनेच जिंकला. म्हणजे त्या रात्री रिबाउंडमध्ये चेंबरलेन वरचढ ठरला आणि निकालात रसेलचा संघ. 1969 च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना सेल्टिक्सने 108-106 असा जिंकला, तेव्हाही चेंबरलेन प्रतिस्पर्धी लेकर्स संघात होता, आणि तो रसेलच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना ठरला. ‘वरचढ’ म्हणायचे तर असा एखादा दिवस आणि असे एखादे मैदान दाखवता आले पाहिजे.

दोघांची भेट झालेली नसेल तर ‘सरस’ म्हणावे. या शब्दाला भेटीची गरज नाही, मापाची आहे. कारकिर्दीतील प्रतिसामना गुणांच्या सरासरीत जॉर्डन 30.12 आणि चेंबरलेन 30.07 असा हिशेब आहे. तिथे ‘जॉर्डन किंचित सरस’ हे विधान खरे आहे, आणि ‘किंचित’ हा शब्द गाळला तर ते दिशाभूल करणारे होते, कारण दशांशानंतर एकच आकडा ठेवला तर दोघेही 30.1 वर येऊन थांबतात. ‘उजवा’ हा शब्दही जवळचाच आहे, पण ‘डावे-उजवे करणे’ यात तुलना करणाऱ्याची आवडनिवड डोकावते. तो लेखात वापरावा, आकड्यांच्या तक्त्याखाली वापरू नये.

‘सवाई’ या शब्दाकडेही लक्ष वेधावेसे वाटते, कारण आधीच्यापेक्षा पुढचा अधिक, हे सांगायला मराठीने खास राखून ठेवलेला हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. सवाई म्हणजे सव्वापट. पेशव्यांच्या घराण्यात थोरल्या माधवरावांनंतर आलेले माधवराव ‘सवाई’ म्हणून ओळखले गेले, ते याच अर्थाच्या गौरवाने. बास्केटबॉलमध्ये हा शब्द त्याच्या मूळ मापाने वापरता येतो. 1958-59 च्या हंगामात बॉब पेटिटने प्रतिसामना 29.2 गुणांचा उच्चांक केला. पुढच्याच हंगामात नवख्या चेंबरलेनने 37.6 ची सरासरी नोंदवली. 29.2 ची सव्वापट 36.5 होते, म्हणजे चेंबरलेन पेटिटला अक्षरशः सवाई ठरला. 2015-16 मध्ये स्टीफन करीने तीन गुणांच्या 402 फेकी यशस्वी केल्या, तेव्हा आधीचा 286 चा उच्चांक त्याचा स्वतःचाच होता आणि तो स्वतःलाच सवाईपेक्षा अधिक ठरला. पण 7 फेब्रुवारी 2023 रोजी लेब्रॉनने अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतील 38,387 गुणांचा उच्चांक ओलांडला, तिथे ‘सवाई’ म्हणू नये, ‘मागे टाकले’ म्हणावे. त्या उच्चांकाची सव्वापट जवळजवळ 48,000 होते.

आता ‘सर्वश्रेष्ठ’. ‘श्रेष्ठ’ हे मुळातच तमभावाचे, म्हणजे ‘सर्वांत अधिक’ असे दाखवणारे रूप आहे. पाणिनीने ‘प्रशस्य’ म्हणजे प्रशंसनीय या शब्दाच्या जागी ‘श्र’ हा आदेश, म्हणजे बदली रूप, सांगितला आहे. त्यावरून श्रेयस् म्हणजे दोघांत अधिक चांगला आणि श्रेष्ठ म्हणजे सर्वांत अधिक चांगला. त्यामुळे ‘श्रेष्ठतम’ ही द्विरुक्ती होते. ‘सर्वश्रेष्ठ’ मात्र मराठीत रुळला आहे आणि मी त्याला हरकत घेणार नाही, कारण मराठीत नुसत्या ‘श्रेष्ठ’ची धार केव्हाच बोथट झाली असून आपण ‘श्रेष्ठ कवी’ असे एकाच काळात दहा जणांना म्हणतो. मला अधिक मोलाची वाटते ती पुढची दोन सूत्रे. पाणिनी त्याच ‘प्रशस्य’ला ‘ज्य’ असाही आदेश सांगतो आणि लगेच तोच आदेश ‘वृद्ध’ या शब्दालाही सांगतो. म्हणजे ‘ज्येष्ठ’ या एकाच रूपात सर्वांत प्रशंसनीय आणि सर्वांत वयोवृद्ध हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आधी खेळून गेलेला आणि अधिक चांगला खेळलेला, यांची आपल्या चर्चांमध्ये जी सरमिसळ होते, ती या शब्दाच्या पोटात फार पूर्वीपासून आहे. रसेलला ‘ज्येष्ठ’ म्हणताना आपल्याला कोणता अर्थ हवा आहे, ते वाक्यातून स्पष्ट व्हायला हवे.

‘सर्वकालीन’ची अडचण वेगळी आहे. सर्व काळात येणारा काळही येतो, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘आजवरचा’ हा साधा मराठी शब्द इथे अधिक खरा आहे. 1950 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात जॉर्ज मायकन हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला. ते विधान आजही तसेच उभे आहे, कारण त्याला हद्द आहे. त्या मतदारांनी ‘सर्वकालीन’ म्हटले असते तर ते रसेलनेच खोटे पाडले असते.

दुसरा प्रतिसाद :

वरील विवेचनाला ‘काळ’ या शब्दाबद्दल थोडी जोड देतो. ‘युग’, ‘कालखंड’, ‘पिढी’ आणि ‘जमाना’ हे शब्द आपण अदलाबदल करून वापरतो, पण ‘कालखंड’ म्हटले की दोन्ही टोके दाखवावी लागतात. या खेळात ती टोके नियमांनी घातली आहेत : चेंडू ताब्यात आल्यावर फेक करण्यासाठी 1954 मध्ये आलेली 24 सेकंदांची मर्यादा, 1979-80 च्या हंगामात आखलेली तीन गुणांची रेषा. ज्यात चढाई करणाऱ्या खेळाडूला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही तो बास्केटखालचा पट्टा 1951 मध्ये 6 फुटांवरून 12 फुटांपर्यंत रुंद केला तो मायकनसारख्या उंच खेळाडूला बास्केटपासून दूर ठेवण्यासाठी, आणि 1964 मध्ये 16 फुटांपर्यंत नेला तेव्हा डोळ्यांसमोर चेंबरलेन होता. ज्याच्यामुळे नियम बदलावा लागतो, त्याच्याबद्दल ‘युगप्रवर्तक’ हा शब्द मला सार्थ वाटतो. ‘पिढी’ मात्र माणसांची असते आणि ती खंडांच्या रेषा ओलांडते. अब्दुल-जब्बार 1969 ते 1989 खेळला, म्हणजे तीन गुणांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, आणि साऱ्या कारकिर्दीत त्याची त्या रेषेबाहेरून एकच फेक यशस्वी झाली.

आणखी एक सूचना ‘नोंद’ या शब्दाबद्दल. अडवलेल्या फेकी, म्हणजे ‘ब्लॉक’, अधिकृतपणे मोजायला 1973-74 च्या हंगामापासून सुरुवात झाली. रसेल 1969 मध्येच निवृत्त झाला होता, आणि त्याचे सारे मोठेपण बचावात होते. 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवणाऱ्या या खेळाडूच्या तक्त्यात त्या रकान्यात ‘0’ लिहिलेला मी पाहिला आहे, आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटले. तिथे ‘नोंद नाही’ एवढेच लिहावे. शून्य हा आकडा आहे; नोंद नसणे हा आकडा नव्हे.

प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘गोट’बद्दल विचारायचे राहिले. ‘दिग्गज’ हा पर्याय चालेल का?

प्रतिसाद :

‘गोट’ हे ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे रूप बोलण्यात राहू द्यावे, लेखात घेऊ नये, कारण मराठीत ‘गोट’ शब्द आधीच आहे. गोट म्हणजे लष्कराची छावणी, त्यावरून पक्ष. शिवाय हातातला भरीव दागिनाही. ‘जॉर्डनच्या गोटातले म्हणतात की…’ हे वाक्य आपल्या टिपणात येऊ शकते, आणि तिथे दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतील.

‘दिग्गज’ त्याच अर्थाचा नाही, पण आपल्या टिपणासाठी मला तो अधिक योग्य वाटतो. दिशांचे हत्ती ते दिग्गज : ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम आणि सुप्रतीक असे आठ. प्रत्येकाने आपली दिशा तोलून धरायची, अशी ती कल्पना आहे. पूर्वेचा हत्ती पश्चिमेच्या हत्तीशी झुंजत नाही. रसेलची विजेतेपदे, चेंबरलेनचे 2 मार्च 1962 चे 100 गुण, अब्दुल-जब्बारची वीस हंगामांची चिकाटी, जॉर्डनच्या सहा अंतिम मालिका आणि त्या सहाही जिंकणे, लेब्रॉनची 40,000 च्या पुढे गेलेली गुणसंख्या, या वेगवेगळ्या दिशा आहेत. त्यातूनही एकालाच निवडायचे असेल तर ‘सर्वोत्तम’ म्हणावे, आणि कोणत्या मापाने ते त्याच वाक्यात सांगावे. माझे मत विचाराल तर विजेतेपदांच्या मापाने रसेल, आणि हे मत मी ‘माझ्या मते’ असे लिहूनच मांडीन.

प्रश्नकर्ता :

सुधारलेले वाक्य असे केले आहे : ‘या पाच दिग्गजांपैकी, अंतिम मालिकेतील कामगिरीचे माप लावले तर, जॉर्डन हा माझ्या मते आजवरचा सर्वात सरस खेळाडू आहे.’ आता ठीक आहे का?

प्रतिसाद :

ठीक आहे. फक्त ‘सर्वात’वर अनुस्वार द्यावा. तुलना अनेकांमध्ये आहे, म्हणून ‘सर्वांत’.