सेल गेलाय की विंडोज? शाळेच्या संगणकाची तारीख रोज २०१२ वर जाते

परिपाठ
नमस्कार मंडळी. आमची चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर मी एक एक्सेल शीट केलं आहे: वर्षातल्या प्रत्येक तारखेसमोर एक सुविचार आणि एक दिनविशेष. फाइल उघडली की आजची ओळ वर येते आणि ज्याची पाळी असेल ते मूल बघून फळ्यावर लिहितं. त्या पाळीसाठी मुलं शाळा उघडायच्या आधी येऊन थांबतात, म्हणून हे बंद पडू द्यायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर’ येतं, एफ१ दाबायला लागतं आणि तारीख १ जानेवारी २०१२ होते. म्हणजे रोज तोच सुविचार ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आणि तोच दिनविशेष: सत्येंद्रनाथ बोस यांचा जन्म, १८९४. तिसरीतल्या एकीने विचारलं, “बाई, बोस रोज जन्मतात का?” शिवाय कुठलीही वेबसाइट उघडली की कनेक्शन खाजगी नाही म्हणून अडवते.

एकाने विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय. दुसरा म्हणतो, आतला घड्याळ आणि सेटिंग राखणारा सेल गेलाय. पण मधल्या सुट्टीत संगणक बंद करून परत लावला तर तारीख शाबूत असते, रात्रभरानेच जाते. सेल गेला असता तर दुपारीही जायला हवी होती ना?

सोल्डरगन
ताई, विंडोजला हात लावू नका. सेलच गेलाय, आणि दुपारची जी गोष्ट तुम्हाला उलटी वाटते तीच त्याचा पुरावा आहे.

संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करता ना? संगणक शटडाउन केला तरी पिन सॉकेटमध्ये आणि बटण चालू असेल तर एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. बोर्डावरचं घड्याळ तेव्हा त्याच्यावर चालतं, सेलला जवळजवळ काम नसतं. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. दुपारी तुम्ही फक्त शटडाउन करता, रात्री वीजच तोडता.

शाळांचे संगणक माझ्याकडे याच तक्रारीने येतात, आणि येतात ते सुट्ट्या संपल्यावर. महिनाभर मेन स्विच खाली, घड्याळ एकट्या सेलवर. घरात सतत प्लगला असलेल्या संगणकाचा सेल त्यामानाने कितीतरी जास्त टिकतो.

सेलचं नाव सीआर २०३२. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळजीकडे मिळतो, बऱ्याच गाड्यांच्या रिमोट चावीत हाच असतो. पिन काढा, मग पॉवरचं बटण काही क्षण दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा. क्लिप बाजूला दाबली की सेल स्वतःच वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. मल्टिमीटर असेल तर नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. जुना २.७ च्या खाली असेल तर शंकाच नको.

बाकीच्या वाचकांसाठी: सेल काढण्याआधी बायोसच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या, पानांचे मोबाइलवर फोटो काढा, खासकरून साटा मोडची ओळ (हार्ड डिस्क बोर्डाशी कशी बोलते ती सेटिंग). विंडोज टाकताना तिथे जे होतं ते बदललं तर निळी स्क्रीन येऊ शकते. ताईंच्या सेटिंग रोज पुसल्या जाऊनही विंडोज लागतंय, त्यांना ती भीती नाही.

वेबसाइटचं कारणही तारीखच. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमच्या संगणकाच्या मते २०१२ चालू आहे, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा जन्मच झालेला नाही. सेल घातल्यावर तारीख आधी हाताने बसवा. विंडोज नेटवरून वेळ जुळवतं, पण फरक १५ तासांहून जास्त असला तर सहसा आपणहून दुरुस्त करत नाही.

परिपाठ
अगदी बरोबर. आम्ही निघताना मेन स्विचच पाडतो. वळवाच्या पावसात शेजारच्या वाडीत वीज पडून टीव्ही जळाले होते, तेव्हापासूनची शिस्त.

सोल्डरगन
ती शिस्त मुळीच मोडू नका. सेल स्वस्त, बोर्ड महाग. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नवा घालत चला.

स्फटिक
मी नागपूरला भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं आतलं. त्या बोर्डावर बहुधा तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी चंदेरी नळी दिसेल. तिच्यात नादकाट्याच्या आकारात कापलेला क्वार्ट्झ असतो, आपल्या गारगोटीच्याच कुळातला. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही घडतं: वीज दिली की तो थरथरतो. हा काटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरेल असा कापलेला असतो. ३२,७६८ ला १५ वेळा निम्मं करा, बरोबर १ येतो. सर्किट तेवढंच करतं आणि एक सेकंद मिळतो. ताई, चौथीच्या मुलांना हा भागाकार फळ्यावर करायला द्याच.

याला वीज किती कमी लागते बघा. ५ मायक्रोअँपिअर धरले आणि सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तास, तर ४४,००० तास निघतात, म्हणजे ५ वर्षं.

आणखी एक मजा. हा काटा २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद असतो. गरम होऊ द्या की गार, दोन्हीकडे तो मंदावतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांवर दिवसाला साधारण एक सेकंद मागे पडायला तेवढं पुरतं.

बालरोग
डॉक्टर म्हणून लिहिते, आणि लहान मुलांची शाळा आहे म्हणून आवर्जून. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. २० मिलिमीटरचा हा चपटा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकू शकतो. लाळेमुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, सेलच्या ऋण बाजूशी तीव्र अल्क (कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं) तयार होतं आणि दोन तासांत गंभीर भाजणं होऊ शकतं. संगणकासाठी ‘संपलेला’ सेलही एवढं करू शकतो. काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, उंचावर ठेवा, मग ई-कचऱ्यात द्या. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला लावू नका. लगेच एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्या. सकाळपर्यंत वाट बघू नका.

परिपाठ
डॉक्टर, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. चिकटपट्टी सेलबरोबरच आणते. काम मुलं घरी गेल्यावर करेन.

कोकणकडा
धाग्यात घुसतो. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. सेलच का?

सोल्डरगन
नाही. सेल गेला की तारीख कुठल्या कुठे जाते, नेमके साडेपाच तास कधी जात नाहीत. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. आपण त्या वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून तेवढाच फरक. हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायचं असं लिनक्सला सांगता येतं. ते एकदा करा आणि लॅपटॉप उघडू नका.