‘द कोर्ट जेस्टर’मधल्या चुटकीच्या द्वंद्वासारखं द्वंद्व रंगमंचावर कसं बसवावं?

प्रश्न: टांगलेला_पडदा

विनोदी नट डॅनी के याचा ‘द कोर्ट जेस्टर’ हा चित्रपट (१९५६) इथे बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार. रॉबिन हूड छापाच्या वीरपुरुषाची टर उडवणारा इतका टिकलेला चित्रपट दुसरा आठवत नाही. शेवटी नायक हॉकिन्स (के) आणि खलनायक रेव्हनहर्स्ट यांचं जे द्वंद्व आहे, तसा एक प्रवेश आम्हाला बसवायचा आहे. चित्रपटातला प्रसंग उचलायचा नाही, युक्ती तेवढी घ्यायची आहे: नायकावर मोहिनी घातलेली आहे, एका चुटकीला तो अट्टल तलवारबाज होतो आणि दुसऱ्या चुटकीला पुन्हा भित्रा.

दोन नट, सहा मिनिटं, छोटा रंगमंच, पहिली रांग कडेपासून दोन मीटरवर. अडचणी अशा:

१. चुटकी मागच्या रांगांपर्यंत ऐकू जात नाही.
२. भित्र्या अवस्थेतले वेडेवाकडे वार दर तालमीत वेगळे पडतात आणि समोरचा नट दचकतो.
३. चित्रपटात मेणबत्त्या कापल्या तरी जागच्या हलत नाहीत आणि फुंकर मारल्यावर पडतात, तसं करता येईल का?
४. तलवारी कुठल्या? सध्या भिंतीवर लावायच्या शोभेच्या दोन हाताशी आहेत.

---

म्यानकरी

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्याच्यानंतर. शोभेच्या तलवारी आजच बाजूला ठेवा. त्यांचं पातं बहुधा स्टेनलेस स्टीलचं असतं आणि मुठीच्या आत जाणारी दांडी म्हणजे डाग देऊन जोडलेली बारीक सळई. आपटाआपटी सुरू झाली की ती नेमकी त्या जोडावर तुटते आणि अख्खं पातं प्रेक्षकांत जातं. तुमची पहिली रांग तर दोन मीटरवर आहे. खेळाच्या फेन्सिंगमधलं फॉइल, म्हणजे बारीक पात्याचं हत्यारही नको. ते लवचिक असतं, मोडलं की टोकदार होतं, आणि लांबून दिसतही नाही.

नाटकातल्या झुंजीसाठी बनवलेली तलवार घ्या. पातं कार्बन स्टीलचं, मुठीतली दांडी पात्याच्याच तुकड्यातून निघालेली आणि मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली. धारेच्या जागी दोन-तीन मिलिमीटर रुंद सपाट कड, टोक गोल, वजन किलोच्या आत. ॲल्युमिनियमची हलकी पडते, पण तिला लवकर खाचे पडतात आणि खाच्याची कड हात कापते. कुठल्याही तलवारीला खाचा दिसला की त्याच दिवशी बारीक कानशीने घासून वरून पॉलिशपेपर फिरवा. दर तालमीआधी मूठ हलवून बघा. किंचित जरी खुळखुळली तरी ती तलवार त्या दिवशी बाद.

आता दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. भित्र्याचे वार उत्स्फूर्त ठेवू नका. प्रेक्षकाला ते आंधळे वाटले पाहिजेत, समोरच्या नटाला प्रत्येक वार पाठ पाहिजे. कसलेल्या तलवारबाजाचा वार कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो, अडाण्याचा येत नाही. खऱ्या इजा अशाच ‘विनोदी’ जागी होतात. तेव्हा ‘तलवार गरगर फिरवतो’ असं मोघम लिहू नका. वहीत लिहा: १) उजवीकडून आडवा, खांद्याच्या उंचीवर, प्रतिस्पर्धी एक पाऊल मागे, २) तलवारीच्या वजनाने स्वतःभोवती एक गिरकी, टोक जमिनीकडे, ३) डोळे मिटून भोसक, पण प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या खांद्याच्या बाहेर.

त्या तिसऱ्यात डोळे खरे मिटायचे नाहीत. चेहरा आक्रसायचा, पापण्या अर्ध्या. आणि हो, दोघांपैकी ज्याचा हात जास्त बसलेला असेल त्यालाच भित्र्याचं काम द्या. लोक नेमकं उलट करतात.

---

जुनी_रिळं

म्यानकरींशी सहमत, आणि मूळ चित्रपटातही तेच घडलं होतं. रेव्हनहर्स्टचं काम करणारा बेसिल रॅथबोन हा मुरलेला तलवारबाज, पण चित्रीकरणाच्या वेळी साठी ओलांडलेला. के त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान आणि या विद्येत नवखा. तलवारबाजी बसवली होती राल्फ फॉकनरने, जो १९२८ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरला होता. काही आठवड्यांत के इतका तयार झाला की रॅथबोनला त्याला आवरणं जड जायला लागलं. के याला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा दाखवावी लागली नाही, असं रॅथबोननेच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. म्हणजे पडद्यावरचा बावळट हा दोघांतला जास्त चपळ माणूस होता.

बसवायला घेण्याआधी तीन द्वंद्वं या क्रमाने पाहा:

पहिलं, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९३८) मधलं शेवटचं. एरॉल फ्लिन विरुद्ध रॅथबोन. जिना, कोसळणारा भला मोठा दीपस्तंभ, खांबावर पडलेल्या दोघांच्या सावल्या. नंतरच्या शेकडो चित्रपटांनी हीच मांडणी गिरवली.

दुसरं, ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९४०). टायरोन पॉवर विरुद्ध पुन्हा रॅथबोन. मेणबत्तीची गंमत इथली आहे: खलनायक मेणबत्ती कापून दाखवतो, नायकाचा वार हुकल्यासारखा वाटतो, आणि मग नायक मेणबत्तीचा वरचा तुकडा अलगद उचलून दाखवतो.

मग ‘कोर्ट जेस्टर’. तोच रॅथबोन, तीच अदब, तसाच किल्ला, आणि एका मेणबत्तीच्या जागी सबंध रांग. यातला नायक तेवढा खोटा आहे, बाकी दरबार, पोशाख, सरदारांची कारस्थानं, तलवारींचा खणखणाट सगळं अस्सल. रॅथबोन एकदाही ‘आपण विनोदी चित्रपटात आहोत’ असं चेहऱ्यावर येऊ देत नाही. तुमच्या खलनायकाला एवढीच एक सूचना द्या: तू १९३८ च्या चित्रपटात आहेस. तो प्रेक्षकांबरोबर हसला की प्रवेश संपला.

ब्लू-रे मिळाली तर तीच पाहा. चित्रपट व्हिस्टाव्हिजनमध्ये आहे. त्या पद्धतीत ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या आठ छिद्रांची जागा मिळते, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. त्यामुळे लांबच्या दृश्यांतही पावलं स्पष्ट दिसतात, आणि तुम्हाला पावलंच बघायची आहेत.

---

विंगेतला_बाबू

चुटकीबद्दल. नटाची खरी चुटकी फक्त दिसण्यापुरती ठेवा, आवाज विंगेतून द्या. सागवानाचे किंवा शिसवाचे हातभर लांबीचे दोन चौकोनी ठोकळे एकमेकांवर आडवे आपटले की कोरडा, तुटक आवाज येतो आणि मोठ्या नाट्यगृहातही पोचतो. मऊ लाकूड घेऊ नका, त्याचा आवाज बद्द येतो. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायच्या फंदात तर पडूच नका. नटाचा हात रोज त्याच क्षणी उठत नाही. बटण दाबणाऱ्याचं आणि त्याचं एकदा जरी हुकलं की हशा चुकीच्या जागी येतो.

ठोकळेवाला अशा जागी उभा करा की त्याला चुटकी वाजवणारा हात दिसेल. खलनायकाची पाठ त्याच्याकडे असेल तर हात डोक्याच्या वर नेऊन चुटकी वाजवायची, उद्दाम माणसाला ते शोभतंही.

क्रम असा ठेवा. पहिली चुटकी पूर्ण शांततेत: दोघे थांबलेले, संगीत नाही, चुटकी, एक श्वास, मग बदल. प्रेक्षकाला नियम इथे शिकवायचा असतो. दुसरी उलट बदलासाठी, तीही सुटी. तिसरीपासून खेळ सुरू: खलनायक तुच्छतेने सहज चुटकी वाजवतो आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. एक चुटकी नायकाने स्वतःच फुशारकीत वाजवावी. पाच-सहा बदल पुष्कळ झाले. सातव्याला प्रेक्षक मोजायला लागतो.

बदल चेहऱ्यावर दाखवू नका, मणक्यात दाखवा. भित्रा: वजन मागच्या पायावर, कोपर बरगडीला चिकटलेलं, तलवार दोन्ही हातांत, आवाज वरच्या पट्टीत. वीर: वजन पुढे, डावा हात कमरेमागे, मनगट सैल, आवाज खाली. मागच्या रांगेला भुवया दिसत नाहीत, कोपर दिसतं.

सहा मिनिटं मात्र फार होतात. तीन पुरे.

---

टांगलेला_पडदा

सगळ्यांचे आभार, तलवारी बाजूला ठेवल्या. तीन मिनिटं कमी वाटतात, कारण मधे संवाद आहेत. आणि अंतर किती ठेवायचं? आत्ता दोघे इतके जवळ येतात की टोक छातीला लागेल असं वाटतं.

---

म्यानकरी

वाटतं नाही, लागेल. हल्ला करणाऱ्याने हात पूर्ण लांबवून, पाऊल पुढे टाकून थांबायचं. त्या स्थितीत टोक आणि समोरच्याची छाती यांत निदान वीतभर जागा उरली पाहिजे. ही जागा दर तालमीच्या सुरुवातीला मोजून घ्या, कारण दमल्यावर पावलं मोठी पडतात. प्रेक्षकांना बाजूने बघताना ती वीत जाणवते, म्हणून भोसक सरळ आडवी न दाखवता जरा तिरकी, प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेत ठेवा. चेहऱ्याच्या दिशेने काहीही नाही. आडवा वार खांद्याच्या बाहेरच्या रेषेवर. डोक्यावरचा वार कपाळाच्या वरून आणि थोडा पुढेच संपणारा, आणि तो फक्त अडवणाऱ्याची तलवार आधीच आडवी वर गेलेली असेल तरच.

अडवताना मुठीजवळचा जाड भाग वापरायचा, समोरच्याच्या पात्याचा टोकाकडचा भाग त्यावर आला पाहिजे. टोकाला टोक लागलं की दोन्ही पाती घसरतात आणि बोटांवर येतात.

प्रत्येक वाराला तीन पायऱ्या: नजरानजर आणि हात मागे घेऊन इशारा, अडवणाऱ्याची हालचाल सुरू, मगच वार सुटतो. प्रेक्षकाला हे उलट दिसतं, तीच कमाल. पाच ते आठ वारांचा एक तुकडा करा आणि दोन तुकड्यांत श्वास ठेवा. तुमचे संवाद त्या श्वासांत घाला, वार चालू असताना एकही वाक्य नको. तालीम पाव वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. प्रयोगही पाऊण वेगानेच करायचा, पूर्ण वेग कधीच नाही. दर प्रयोगाआधी प्रेक्षक आत येण्यापूर्वी सबंध द्वंद्व एकदा अर्ध्या वेगाने, पोशाख आणि बुटांसकट. बुटांसकट हे मुद्दाम लिहितोय. सपाट चपलेत बसवलेली गिरकी टाचेच्या बुटात हमखास फसते.

---

रंगशिल्पी_४२

मेणबत्त्यांचं होतं, पण तलवार मेणबत्तीला लावायचीच नाही.

पाच जाड मेणबत्त्या आधीच कापा, वरून एक तृतीयांशावर. काप प्रेक्षकांकडे उतरता, दहा-पंधरा अंश. याहून जास्त उतार दिला तर कुणी पाय आपटला तरी वरचा तुकडा घसरतो, अगदी सपाट ठेवला तर ओढल्यावर कलंडत नाही, नुसता सरकतो. कापाच्या मध्यावर मोहरीएवढं मऊ मेण लावून तुकडा बसवा. जास्त मेण हे फसण्याचं पहिलं कारण.

प्रत्येक वरच्या तुकड्याला पुढच्या बाजूला, कापापासून बोटभर वर, मासेमारीच्या बारीक दोऱ्याचा छोटा फास लावा. पाचही दोरे समोरच्या कठड्याच्या आतून एका काळ्या दोरीला बांधून विंगेत न्या. नायक फुंकर मारतो, विंगेतला माणूस एकच छोटा झटका देतो. दोऱ्यांची लांबी थोडी कमीजास्त ठेवली तर तुकडे एकामागोमाग पडतात, ते एकदम पडण्यापेक्षा छान दिसतं. ज्योत बॅटरीची ठेवा. खरी ज्योत, पडणारं मेण आणि झग्याच्या बाह्या एकत्र नकोत.

वार मेणबत्त्यांच्या मागून, निदान वीतभर अंतर राखून. प्रेक्षक समोरून बघतो, त्याला खोली कळत नाही. त्या वाराच्या वेळी खलनायक मेणबत्त्यांच्या दुसऱ्या टोकाला, पात्याच्या पल्ल्याबाहेर. स्टँडखाली जाड नमदा किंवा रबर घाला, नाहीतर फळ्यांची धडधड वेळेआधीच काम करून टाकते.

आणि खलनायकाला ‘हुकला!’ म्हणून हसायला पुरेसा वेळ द्या. तो हसलाच नाही तर फुंकरीला अर्थ नाही.

---

जुनी_रिळं

लांबीवर माझं मत विंगेतला_बाबूंपेक्षा वेगळं आहे. सहा मिनिटं चालतील, पण मग सबंध सहा मिनिटं तलवार नको. आधी दोन मिनिटांचा शाब्दिक घोळ ठेवा. चित्रपटात द्वंद्वाच्या बऱ्याच आधी विषाच्या पेल्याचा प्रसंग येतो. कुठल्या भांड्यात विष, कुठल्यात चांगली दारू, हे यमकात पाठ करायचं, मग त्यातलं एक भांडं फुटतं आणि सगळं पुन्हा पाठ करायचं. गंमत अशी की प्रतिस्पर्ध्यालाही ते कळतं आणि तोही तेच पुटपुटत येतो. शेवटी राजा वैतागतो आणि कुणीच काही पीत नाही.

तुमचं यमक तुमचं तुम्ही रचा. उदाहरणादाखल: ‘पेल्यावर घोडा, त्यात विषाचा खडा थोडा, सुरईवर मोर, तिच्यातली दारू बिनघोर.’ दोनदा बरोबर म्हणून दाखवा, म्हणजे प्रेक्षकालाही पाठ होतं. मग पेला फोडा आणि ‘कुंभावर नाग, विषाला तिथं माग’ असं एकच भांडं बदला. दोन बदललीत तर प्रेक्षकही हरवतो आणि नट चुकल्याचं कुणाला कळत नाही. चुका मात्र लिहून ठेवा. ‘मोरावर थोडा... घोडा बिनघोर’ हे तोंडात बसवायला बरोबर ओळीपेक्षा जास्त वेळ लागतो.

---

विंगेतला_बाबू

हे मान्य. दोन मिनिटं यमक, तीन मिनिटं तलवार, उरलेला वेळ हशासाठी मोकळा सोडा. फक्त यमकातली भांडी द्वंद्व सुरू होण्याआधी मंचावरून उचला. फुटलेल्या पेल्याच्या खापऱ्यांवर गिरकी घेतली जाते, असं व्हायला नको. पेला मंचावर फोडूच नका, आवाज विंगेत करा.