तिलापिया माशाची पिल्ले लहान-मोठी होतात आणि संख्याही घटते. कारण काय असावे?

प्रश्न :
आम्ही दर १५ दिवसांनी प्रजनन हाप्यांतून (हापा म्हणजे तळ्यात बांधलेला बारीक जाळीचा पिंजरा) तिलापियाची पोहणारी पिल्ले गोळा करून संगोपन हाप्यांत सोडतो. पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि खाद्यही वेळेवर दिले जाते. तरीही तीन आठवड्यांनी काही पिल्ले इतरांच्या दुप्पट दिसतात, संख्या बरीच घटलेली असते, पण मेलेली पिल्ले फारशी सापडत नाहीत. सगळी पिल्ले नर व्हावीत म्हणून संप्रेरकयुक्त खाद्य देऊनही पुढे तळ्यात माद्या निघतात.

उत्तर १ :
मेलेली पिल्ले सापडत नसतील, तर मोठी पिल्ले लहानांना खात असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. सर्व माद्या एकाच दिवशी अंडी घालत नाहीत, त्यामुळे १५ दिवसांनी गोळा करताना निरनिराळ्या वयाची पिल्ले एकत्र येतात. माद्या निघण्याचे कारणही बहुधा हेच आहे, कारण सुमारे १४ मिलिमीटरपेक्षा मोठ्या झालेल्या पिल्लांवर संप्रेरकाचा भरवशाचा परिणाम होत नाही. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते, म्हणून दर ५ ते ७ दिवसांनी माद्यांच्या तोंडातूनच अंडी काढावीत आणि पिवळी, डोळे दिसू लागलेली व नुकतीच फुटलेली अशी वेगळी करून स्वतंत्र बरण्यांत उबवावीत. बरणीतील पाण्याने अंडी हळुवार घोळत राहिली पाहिजेत. मादी तोंडात हेच काम करत असते.

उत्तर २ :
वरील मताशी मी सहमत आहे. अंडी काढण्याची सोय होईपर्यंत गोळा केलेली पिल्ले ३.२ मिलिमीटर छिद्रांच्या जाळीतून सोडावीत आणि जी अडकतील ती संप्रेरकाच्या तुकडीत घेऊ नयेत. मात्र हाप्याची जाळीही तपासा. शेवाळाने ती बुजली की पाणी खेळत नाही आणि पहाटे प्राणवायू कमी पडतो. आम्ही अशा वेळी भूक समजून खाद्य वाढवत गेलो, त्यामुळे अमोनिया वाढला आणि पिल्ले अधिकच दगावली.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. संप्रेरकाचे खाद्य किती दिवस द्यावे? आम्ही १५ दिवसांत थांबवत होतो.

उत्तर १ :
तो काळ अपुरा आहे. प्रतिकिलो खाद्यात ६० मिलिग्रॅम मिथाइल टेस्टोस्टेरॉन (हेच ते संप्रेरक) हे रूढ प्रमाण असून ते २१ ते २८ दिवस, दिवसातून किमान चार वेळा द्यावे. पीतकपिशवी (पिल्लाच्या पोटाखालची अन्नसाठ्याची पिशवी) संपून पिल्ले खाऊ लागताच सुरुवात करावी आणि मिसळताना हातमोजे अवश्य घालावेत.