गर्भातल्या शस्त्रक्रियेची चाचणी

दुर्मीळ आजारांत शस्त्रक्रियेची रँडमाइज्ड चाचणी (कोणाला कोणता उपचार हे नशिबावर सोडून केलेली तुलना) होऊच शकत नाही, सर्जनचा अनुभव हाच पुरावा, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेतली 'मॉम्स' चाचणी बघा. मायलोमेनिंगोसीलमध्ये बाळाचा पाठीचा कणा नीट मिटत नाही, मज्जारज्जू उघडा राहतो. तो 26 व्या आठवड्याआधी गर्भातच शिवायचा की जन्मानंतर, हा प्रश्न होता. कोणत्या आईला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. सगळ्यात मोलाचं म्हणजे चाचणी संपेपर्यंत तिथल्या इतर केंद्रांनी गर्भातली ही शस्त्रक्रिया करायचीच नाही असं मान्य केलं. शस्त्रक्रिया फक्त तीन ठिकाणी होत होती, म्हणून तर 183 गर्भवती मिळाल्या. त्यालाही 2003 ते 2010 एवढा काळ गेला. फायदा स्पष्ट दिसल्यावर चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली.

2011 चा निकाल: पहिल्या वर्षात मेंदूत साठलेलं पाणी काढून देणारी नळी, म्हणजे शंट, बसवावा लागला तो गर्भात शिवलेल्या 40 टक्के बाळांना, जन्मानंतर शिवलेल्या 82 टक्के बाळांना. पण अकाली प्रसूती वाढल्या, काही जणींच्या गर्भाशयाचा व्रण प्रसूतीच्या वेळी पातळ झालेला किंवा उसवलेला आढळला. शिवाय अशा आईला पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सिझेरियनच करावं लागतं. ही दुसरी बाजू नुसत्या अनुभवातून एवढी नेमकी कशी कळली असती?